समुद्री बुरशीतली रसायनं ओळखायची कशी: खाडीतल्या नमुन्यापासून रेणूच्या रचनेपर्यंत

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "कॉलम (मिश्रणातली संयुगं वेगळी करायची भरलेली नळी) कधी लावायचा?" त्यांचा उत्साह मला समजतो. पण समुद्री बुरशीच्या कामात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो कॉलम घाईने लावल्यामुळे. पन्नास वर्षांपूर्वीच माहीत झालेला रेणू चार-चार महिने शुद्ध करत बसणं, किंवा मुळात बुरशीने बनवलेलाच नाही असा रेणू शुद्ध करणं, या दोन्ही चुका माझ्या हातून झाल्या आहेत. म्हणून इथे शुद्धीकरणापेक्षा त्याच्या आधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे. एमएस्सीचा प्रकल्प हाती घेतलेल्या किंवा पीएचडीला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्याला समोर बसवून सांगावं, तसंच सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट. १९४५ साली सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात ज्युझेप्पे ब्रोत्सू या डॉक्टरांनी सांडपाणी समुद्राला मिळतं त्या जागेवरून एक बुरशी वेगळी केली. तिच्यात जिवाणू मारण्याची ताकद होती. पुढे ही बुरशी ऑक्सफर्डला गेली. तिथे तिच्या अर्कात एक नाही, तीन वेगळ्या प्रकारची प्रतिजैविकं निघाली: स्टेरॉइड जातीचं सेफॅलोस्पोरिन पी, पेनिसिलिनच्या घराण्यातलं सेफॅलोस्पोरिन एन आणि अगदी थोड्या प्रमाणात असलेलं सेफॅलोस्पोरिन सी. या शेवटच्याचा पत्ता एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना १९५३ मध्ये लागला, तोही एनच्या नमुन्यात मिसळलेला पदार्थ म्हणून. आज दवाखान्यात मिळणाऱ्या सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांचं मूळ तेच. अर्कात एक क्रिया दिसली म्हणजे तिच्यामागे एकच रेणू आहे असं धरून चालू नका, आणि मोठा पीक (यंत्राच्या आलेखातला उंचवटा) तोच महत्त्वाचा असंही मानू नका.

नमुना आणायच्या आधी

आपल्या किनाऱ्यावर खारफुटी ही बुरशीसाठी फार श्रीमंत जागा आहे. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी यांची पानं, साल, चिखलातली मुळं आणि भरतीच्या रेषेवर अडकलेलं कुजकं लाकूड, सगळ्यांत बुरशी मिळते. पण खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. पुढे पेटंटचा विचार असेल किंवा नमुना परदेशातल्या सहकाऱ्याला पाठवायचा असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा लागतो. हे कागद काम संपल्यावर जमवायला गेलात, तर शोधनिबंध अडकून पडतो.

ओहोटीच्या वेळी जा. निर्जंतुक पिशवी, बर्फाची पेटी, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि पेन्सिल बरोबर ठेवा. पेन्सिलच, कारण खाऱ्या पाण्यात शाई पसरते. पिशवीवर तारीख, जागा, झाडाचं नाव, पाण्याची क्षारता आणि तापमान तिथेच लिहा. नमुना २४ तासांच्या आत प्लेटवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या अगरच्या बशीवर, गेला पाहिजे.

पानाच्या आत राहणारी बुरशी हवी असेल तर पृष्ठभाग नीट निर्जंतुक करा: ७० टक्के इथेनॉलमध्ये एक मिनिट, पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन-तीन मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं. शेवटच्या धुण्याचं पाणी एका प्लेटवर पसरा आणि धुतलेल्या पानाचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवा. या दोन प्लेटवर काही उगवलं, तर तुमची बुरशी पानाच्या आतली आहे असं म्हणता येणार नाही.

प्लेटसाठी बटाटा-डेक्स्ट्रोज अगर निम्म्या ताकदीचं वापरा आणि ते समुद्राच्या पाण्यात बनवा. जिवाणू दाबायला क्लोरॅम्फेनिकॉल किंवा पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घाला. भराभर वाढणारी बुरशी प्लेट व्यापून टाकते, म्हणून रोज प्लेट बघा आणि हळू वाढणाऱ्यांच्या तंतूंची टोकं वेळेवर उचला. माझ्या अनुभवात मन लावून सांभाळायच्या त्या याच हळू वाढणाऱ्या.

"समुद्री" या शब्दाबद्दलही सावध राहा. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू जमिनीवरून वाऱ्याने, पावसाने समुद्रात येतात. तुमची बुरशी समुद्रातच वाढते आणि बीजाणू धरते हे दाखवलेलं नसेल, तर "समुद्रातून मिळालेली बुरशी" इतकंच लिहा. प्रजाती ओळखायला आयटीएस हा डीएनएचा पट्टा सगळेच वापरतात, पण या दोन गटांत तो पुरत नाही. बीटा-ट्यूब्युलिन आणि कॅल्मोड्युलिन हे जनुकही वाचून घ्या. प्रजाती चुकली की आधीच्या साहित्याशी केलेली पुढची सगळी तुलना चुकते.

बुरशीला वेगवेगळं खायला द्या

एकच बुरशी जेवण बदललं की वेगळी रसायनं बनवते. तिच्या अंगात जनुकं असतात बरीच, पण एका वेळी त्यातली थोडीच जागी असतात. जर्मनीत आक्सेल त्सेक यांच्या गटाने या पद्धतीला ओस्मॅक असं नाव दिलं: एक जात, अनेक संयुगं. करायला सोपी आणि खर्च नगण्य.

माझी सुरुवात नेहमी भातावर असते. एक लिटरच्या शंकूपात्रात १०० ग्रॅम साधा तांदूळ आणि ११० मिलिलिटर समुद्राचं पाणी, किंवा लिटरला ३० ते ३५ ग्रॅम समुद्री मीठ घातलेलं पाणी. रात्रभर भिजू द्या, मग १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. थंड झाल्यावर ताज्या प्लेटचे चार-पाच तुकडे टाका आणि खोलीच्या तापमानाला तीन ते चार आठवडे हलवू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी दाण्यांवर पांढरी जाळी चढते, दुसऱ्या आठवड्यात रंग येऊ लागतो. काही जाती भाताला पिवळाजर्द करतात, काही विटकरी. तो रंग वहीत लिहून ठेवा, फोटो काढा. त्याच वेळी दोन द्रव माध्यमंही लावा: एक माल्ट अर्काचं, एक झापेक-डॉक्सचं, आणि प्रत्येकाची मीठ घातलेली व बिनमिठाची जोडी ठेवा. मिठाच्या पात्रात क्लोरीन असलेलं एखादं संयुग जास्त बनलं, तर ते या जोडीतच दिसतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक माध्यमाचं एक पात्र बुरशी न टाकता ठेवा. तेही तितकेच दिवस, त्याच कपाटात. काढणी त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या विद्रावकाने, त्याच रोटाव्हॅपवर (विद्रावक उडवून अर्क आटवायचं यंत्र). हा ब्लँक शेवटच्या यंत्रापर्यंत तुमच्या नमुन्याबरोबर चालला पाहिजे.

हे मी इतकं बजावून का सांगतो? सुरुवातीच्या वर्षांत एका अर्कात मला एक देखणा पीक मिळाला होता. एकटा, उंच, सगळ्या फ्रॅक्शनमध्ये (कॉलममधून उतरलेल्या भागांमध्ये) हजर. चार महिने खर्चून आठ मिलिग्रॅम गोळा केले. अचूक वस्तुमान आलं ३९१.२८४३, यंत्रात रेणू फोडल्यावर मिळालेल्या तुकड्यांत १४९.०२३३. गाइडनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ब्लँक कुठाय?" तो प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी घातला जाणारा थॅलेट होता. नळ्यांतून, झाकणांतून, विद्रावकाच्या डब्यांतून तो अर्कात उतरला होता. त्या दिवसापासून हे दोन आकडे माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेले आहेत. तुमच्याही भिंतीवर लावा. शेजारी ४४.०२६२ लिहा: इतक्या-इतक्या अंतरावर पिकांची शिडी दिसली तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बुरशीचं नव्हे.

अर्क काढणं

भाताच्या पात्रात २५० मिलिलिटर इथिल अ‍ॅसिटेट ओता, निर्जंतुक चमच्याने गठ्ठे फोडा, रात्रभर ठेवा, गाळा. असं तीनदा. द्रव माध्यमात बुरशीची साय आणि पाणी वेगळं करा: पाणी तितक्याच इथिल अ‍ॅसिटेटबरोबर तीनदा हलवा, साय मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा. काचेचीच भांडी वापरा. रोटाव्हॅपचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका.

भाताच्या अर्कात चरबी भरपूर येते. ती काढल्याशिवाय पुढे गेलात तर कॉलम तुंबतो आणि एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचून रचना सांगणारी पद्धत) १.२५ पीपीएमला एक डोंगर उभा राहतो. ९० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क विरघळवून हेक्झेनबरोबर तीनदा हलवा. हेक्झेनचा थर फेकू मात्र नका. एर्गोस्टेरॉल त्यातच जातं, पण कधी कधी तेलकट स्वभावाचं कामाचं संयुगही तिथे जाऊन बसतं.

मिठाचा त्रास समुद्री कामात कायमचा. मीठ राहिलं की वस्तुमान यंत्रात सोडियम चिकटलेलेच आयन दिसतात आणि मूळ संकेत दबतो. पाण्यात विरघळणारा भाग सी-१८ च्या (तेलकट साखळ्या चिकटवलेल्या सिलिकाच्या) छोट्या काडतुसावर चढवा, पाण्याने मीठ धुऊन टाका, मग मिथेनॉलने संयुगं उतरवा.

एक सुरक्षेची गोष्ट. अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन बनवतात, त्यामुळे ओळख पटेपर्यंत प्रत्येक अर्क विषारी धरा. बीजाणू उडतील अशी कामं जैवसुरक्षा कपाटात करा, कोरडा अर्क खरवडताना मास्क आणि दुहेरी हातमोजे घाला, भांडी धुण्याआधी हायपोक्लोराइटमध्ये बुडवा.

शुद्ध करायच्या आधी ओळख

आधी टीएलसी, म्हणजे पातळ थराच्या प्लेटवर संयुगं ठिपक्यांत वेगळी करणं. नमुने आणि त्यांचे ब्लँक एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावा. २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघून पेन्सिलीने ठिपके वेढा, मग अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवा. टर्पिन आणि स्टेरॉइड जांभळे-निळे होतात. दुसऱ्या प्लेटवर ड्रॅगनडॉर्फ फवारा. नारिंगी ठिपका आला तर नायट्रोजनवालं अल्कलॉइड असण्याची शक्यता. स्वस्तातल्या या प्लेटवरून पुढचे पंधरा दिवस कसे घालवायचे ते ठरतं.

मग एलसी-एमएस, म्हणजे कॉलमवर वेगळी होणारी संयुगं लगेच वस्तुमान यंत्रात मोजणं. अर्काचं एक मिलिग्रॅम एक मिलिलिटर मिथेनॉलमध्ये, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. सी-१८ कॉलम, पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, वीस मिनिटांत ५ पासून १०० टक्क्यांपर्यंत. शक्य असेल तर धन आणि ऋण आयनांच्या, दोन्ही प्रकारे चालवा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ब्लँक.

आता एक पीक हातात घेऊन बघू. समजा वस्तुमान आलं ३२७.०४७४. लगेच ३४९.०२९ ला दुसरा संकेत आहे का बघा. दोघांतलं अंतर २१.९८ आलं म्हणजे पहिल्यावर प्रोटॉन आणि दुसऱ्यावर सोडियम, आणि रेणूचं वस्तुमान ३२६ हे पक्कं. मग समस्थानिकांचे पीक बघा. मुख्य पिकाच्या दोन एकक पुढे साधारण १० टक्के उंचीचा पीक आहे. क्लोरीन असतं तर तो एक तृतीयांश असता, ब्रोमीन असतं तर जवळपास बरोबरीचा. १० टक्के म्हणजे गंधकाचे दोन अणू. त्यावरून सूत्र बसतं सी१३-एच१४-एन२-ओ४-एस२. त्याच्या प्रोटॉन लागलेल्या आयनाचं गणिती वस्तुमान ३२७.०४६८, म्हणजे फरक दहा लाखांत सुमारे १.८. पाचच्या आत असला की मान्य. आता तुकडे: २६३.१०२६ ला पीक. ६३.९४४ गेलं, म्हणजे दोन गंधक एकदम निघाले. जोडीने निघणारे गंधक डायसल्फाइड पूल सांगतात. हा बहुधा ग्लायोटॉक्सिन आहे, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचा ओळखीचा रेणू, पेशी मारण्यात तरबेज. कॅन्सरच्या पेशींवर अर्क जोरात चालला म्हणून आनंदाने नाचायच्या आधी ३२७.०४६८ शोधा. या एका तपासणीने अर्धं वर्ष वाचतं.

सगळ्या पिकांची अशी हाताने तपासणी होत नाही, म्हणून रेणूंचं जाळं काढा. यंत्राची फाइल एमएस-कन्व्हर्टने खुल्या स्वरूपात आणा आणि जीएनपीएस या मोफत संकेतस्थळावर चढवा. सारखे तुकडे होणारे रेणू तिथे एका झुबक्यात येतात. सुरुवातीला साम्य ०.७ आणि किमान सहा जुळणारे तुकडे हे माप ठीक आहे. ब्लँकच्या फाइली वेगळ्या रंगात दाखवा. ब्लँकचा रंग असलेला प्रत्येक बिंदू यादीतून काढून टाका. उरलेल्या झुबक्यांत माहीत असलेला एक रेणू आणि त्याच्या शेजारी १४ किंवा १६ च्या अंतरावर अनोळखी भावंडं दिसली, तर नवीन काही मिळण्याची आशा तिथे धरावी. सूत्र आणि प्रजाती यांच्या जोडीने एनपी-अ‍ॅटलास या सूक्ष्मजीवांच्या रसायनांच्या संग्रहातही शोधा.

इथे एक शिस्त पाळा. वस्तुमान आणि तुकडे जुळले तरी ती "तात्पुरती ओळख" असते. प्रमाण नमुना त्याच कॉलमवर, तितक्याच मिनिटांनी उतरला तरच "ओळख पटली" असं लिहायचं. चयापचय-विज्ञानात २००७ पासून यासाठी चार पातळ्या ठरलेल्या आहेत. तक्त्यात प्रत्येक संयुगापुढे ती पातळी लिहा.

आता कॉलम

आता कुठल्या पिकाच्या मागे लागायचं हे ठरलेलं आहे. बुरशी मोठ्या प्रमाणात वाढवा, भाताची वीस-तीस पात्रं. आधी सिलिका, हेक्झेनपासून इथिल अ‍ॅसिटेट आणि पुढे मिथेनॉलपर्यंत. मग सेफॅडेक्स एलएच-२० (रेणू मुख्यतः आकारानुसार वेगळे करणारे जेलचे कण) मिथेनॉलमध्ये. हा कॉलम घाईने कधीच सोडायचा नाही, रात्रभर थेंब-थेंब पडू द्या. शेवटी अर्ध-प्रेपरेटिव्ह एचपीएलसी, म्हणजे जास्त दाबाखाली चालणारा, मिलिग्रॅमभर माल वेगळा करणारा कॉलम. प्रत्येक टप्प्यावर फ्रॅक्शनचं वजन करा आणि हवं ते वस्तुमान कुठल्या नळीत आहे ते एलसी-एमएसवर तपासा. सगळ्या नळ्यांची बेरीज चढवलेल्या वजनाच्या जवळ येत नसेल तर काहीतरी सिलिकाला चिकटून बसलंय किंवा मोडलंय.

काही "नवीन" रेणू आपणच घडवतो. मिथेनॉलमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या आम्लाचा मिथाइल एस्टर होतो, वस्तुमान १४.०१५७ ने वाढतं. संशय आला की ताजा अर्क मिथेनॉल न लावता काढून बघा. त्यात तो पीक नसेल तर तो तुमच्या बाटलीत जन्मला आहे.

एनएमआर आणि रचना

एक ते दोन मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ चांगल्या यंत्रावर पुरतो. विद्रावकाचे स्वतःचे संकेत पाठ हवेत: क्लोरोफॉर्म ७.२६, मिथेनॉल ३.३१, डीएमएसओ २.५०. क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो, नाजूक रेणू त्यात एका रात्रीत मोडतो. अशा वेळी डीएमएसओ घ्या, पण परत वाळवायला तो फार चिवट, हे लक्षात ठेवा.

वाचायचा क्रम असा. आधी सूत्रावरून असंपृक्ततेचा आकडा काढा. वरच्या ग्लायोटॉक्सिनसाठी तो आठ येतो, म्हणजे वलयं आणि दुहेरी बंध मिळून आठ. मग प्रोटॉन आणि कार्बन. पुढची एचएसक्यूसी, कोझी, एचएमबीसी, नोझी ही एनएमआरच्याच वेगवेगळ्या प्रयोगांची नावं. एचएसक्यूसीवरून कुठला प्रोटॉन कुठल्या कार्बनवर ते मांडा. कोझीने शेजारी-शेजारी असलेल्यांच्या साखळ्या जोडा. एचएमबीसीने दोन-तीन बंधांपलीकडचे दुवे ओढून त्या साखळ्या एकमेकींना बांधा. कागदावर, पेन्सिलीने. संगणक रचना सुचवतो, पण प्रत्येक दुवा आपल्या हाताने ओढल्याशिवाय चूक दिसत नाही. एक जरी एचएमबीसी दुवा रचनेत बसत नसेल तर तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

रेणू अवकाशात कसा वळलाय ते नोझी सांगते, पण फक्त एका भागाचा दुसऱ्याशी संबंध. डावा की उजवा हे ठरवायला वेगळे मार्ग आहेत. पेप्टाइड असेल तर आम्लाने तोडून मार्फीचं अभिकर्मक लावा आणि एल व डी अमिनो आम्लांच्या प्रमाण नमुन्यांशी कॉलमवरून उतरायची वेळ जुळवा. दुय्यम अल्कोहोल असेल तर मोशर एस्टर. रंगद्रव्यासारखे रेणू असतील तर वर्तुळाकार द्विवर्णता मोजून गणिताने काढलेल्या आलेखाशी ताडून बघा. स्फटिक मिळाला तर क्ष-किरण, आणि मग वाद उरत नाही. सेफॅलोस्पोरिन सीच्या रचनेचाही निर्णय १९६१ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण कामाने झाला.

बुरशी जपा

हे काम खरं तर पहिल्या आठवड्यातलं, पण मुलं ते शेवटी करतात. प्लेटवरून प्लेटवर सारखी हलवत राहिलेली बुरशी हळूहळू तुमचं संयुग बनवणं थांबवते. बाह्यरूप तेच राहतं, पीक मात्र नाहीसा होतो. म्हणून वेगळी केल्यावर लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दहा कुप्या बनवा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. मोठ्या प्रमाणात वाढवताना दर वेळी नवी कुपी उघडा. शोधनिबंध पाठवायच्या आधी एक कल्चर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करा आणि तिचा क्रमांक निबंधात द्या. कुपीवर लिहायचं ते एवढं: झाडाचं नाव, खाडीचं नाव, तारीख, क्षारता, कोणी वेगळी केली आणि कितव्या प्लेटवरून भरली.